चित्र पाहणाऱ्याचा एकांत

मुंबईत चित्रप्रदर्शन पाहावयाचे म्हणजे दक्षिणेकडे तोंड करावयाचे, हा नियम कोणी लेखी हुकमाने घालून दिलेला नसला, तरी तो इतक्या निष्ठेने पाळला गेला आहे की त्यात काही विपरीत आहे असे अंधेरी-बोरिवलीच्या माणसासही आता वाटेनासे झाले आहे. जहांगीर कलादालन १९५२ साली काळा घोड्यास उघडले. राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ साली त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, कावसजी जहांगीर सभागृहात थाटली गेली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तर त्या परिसराचे पूर्वापार मुखत्यारच. वांद्र्यास बॉम्बे आर्ट सोसायटीने आपली वास्तू उभारली, हा अपवाद अवश्य नोंदवावा, पण वांद्र्याच्या खाडीकाठी थांबलेली कला तेथून पुढे मुलुंड-घाटकोपरच्या गाडीत चढलेली नाही. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३० लाख ८५ हजार माणसे मोजली गेली आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख ५७ हजार; म्हणजे या महानगरातील दर चार माणसांपैकी तीन उपनगरात राहतात आणि त्यांच्या वाट्याची चित्रे उरलेल्या एकाच्या अंगणात टांगलेली आहेत. बोरिवली ते चर्चगेट अंतर ३४ किलोमीटर. जहांगीरची वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी सात. सीप्झमधल्या किंवा साकीनाक्याच्या कचेरीतून साडेसहास सुटणाऱ्या माणसाने ते दालन गाठावे कसे, आणि रविवारी गाठू म्हणावे, तर रेल्वेचा मेगाब्लॉक त्याच दिवशी.

या पार्श्वभूमीवर ऑनलाइन प्रदर्शन नावाची गोष्ट उपनगरात आली, ती काही कलेच्या प्रेमाने आली नाही, तर साथीच्या धाकाने आली. २०२०च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या, दालनांना कुलपे लागली आणि चित्रे मोबाइलच्या पडद्यावर उतरली. त्याच मार्चमध्ये बार्सिलोना शहरातील जाहिरात-व्यवसायात असलेल्या तिघांनी इन्स्टाग्रामवर ‘कोविड आर्ट म्यूझियम’ उघडले व साथीच्या काळात जगभर घराघरांत काढली गेलेली चित्रे तेथे एकत्र मांडली. तेव्हापासून आरोग्य आणि मनःस्वास्थ्य हे ऑनलाइन प्रदर्शनांचे आवडते विषय झाले आहेत, आणि अशा प्रत्येक प्रदर्शनाच्या उद्घाटनपर निवेदनात एकच स्तुती आढळते: हे लाखो लोकांपर्यंत पोहोचेल. माझा या स्तुतीशी विरोध नाही, मात्र ती चुकीच्या गुणाची स्तुती आहे असे माझे मत आहे. पोहोचण्याचे काम दूरदर्शन, रेडिओ आणि भिंतीवरची जाहिरात कधीपासून करीत आहेत. मनाच्या आजाराविषयीचे चित्र पडद्यावर मांडण्याचा खरा गुण प्रसार नसून एकांत हा आहे, आणि उपनगरातल्या माणसास जर कोणत्या वस्तूचा सर्वांत मोठा दुष्काळ असेल, तर तो याच वस्तूचा.

हे विधान अतिशयोक्त वाटत असल्यास घाटकोपरच्या पंतनगरातील किंवा बोरिवलीच्या मागाठाण्यातील एखाद्या दोन खोल्यांच्या घराचा विचार करावा. आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास चालू आहे, बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची मालिका चालू आहे, रात्रपाळीहून परतलेला दीर दिवसाढवळ्या चादर ओढून निजला आहे. अशा घरातील गृहिणीस रडावयाचे झाल्यास न्हाणीघरात जाऊन नळ सोडावा लागतो. जिन्याच्या वळणावर शेजारीण भेटते. गच्चीच्या दारास कुलूप असते आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते. उद्यानांना उघडण्या-मिटण्याच्या वेळा आहेत आणि तेथील बाकांवर आधीच कोणी ना कोणी बसलेले आहे. ज्या माणसाच्या मनात काही बिघडले आहे, त्यास ते बिघडले आहे हे स्वतःशी कबूल करण्यापुरतीही जागा ही वस्ती देत नाही, आणि म्हणून ते बहुधा कबूलच केले जात नाही. ‘ॲसिडिटी झाली आहे’, ‘डोके धरले आहे’, ‘बीपी वाढले असेल’ या शब्दांखाली ते वर्षानुवर्षे दडपले जाते.

कोणी म्हणेल, मग दालनात जावे, तेथे शांतता असते. तेथील शांतता आणि एकांत या भिन्न गोष्टी आहेत. कलादालनात शिरताना उपनगरातला मध्यमवर्गीय मनुष्य आपल्या चपलांकडे प्रथम पाहतो. दारावरचा रखवालदार आपल्याला पाहत आहे, कोपऱ्यातील इंग्रजी बोलणारा घोळका आपल्याला पाहत आहे आणि आपल्याला चित्र कळले की नाही याची कोठेतरी नोंद होत आहे, अशी एक भावना त्याच्या पाठीस लागते. अशा अवस्थेत चित्रासमोर उभे राहून डोळे भरून येणे अशक्य. आले तरी ते पुसण्याची घाई होते. रात्री अकरानंतर, घर निजल्यावर, पांघरुणाखाली उजळलेल्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावर त्या दोन खोल्यांच्या घरातली स्त्री तेच चित्र पाहते, तेव्हा तिच्याकडे पाहणारे कोणी नसते. सकाळच्या लोकलमध्ये मात्र हा पडदादेखील एकांत देत नाही, कारण तेथे आपल्या मोबाइलवर आपल्याखेरीज आणखी तिघांचा हक्क असतो. एखाद्या डब्यात तर शेजारीण पुढचे चित्र लावा म्हणून सुचवण्यासही कमी करणार नाही.

या एकांताचे मोल आकड्यांतही दिसते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के माणसांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, महानगरांत हे प्रमाण अधिक होते, आणि उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. (महाराष्ट्र त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत नव्हता, आपल्याकडे परिस्थिती निराळी असेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही.) वंचित राहण्याची कारणे अनेक आहेत: डॉक्टर थोडे, खर्च फार, वेळ नाही. पण या सर्वांच्या आधी लज्जा आहे. ऑनलाइन चित्रप्रदर्शन डॉक्टर पुरवीत नाही आणि औषधही देत नाही, आणि ते देते असे सुचवणाऱ्या आयोजकास दूर ठेवलेले बरे. त्याच्याकडून अपेक्षा इतकीच की, लज्जेच्या आड दडलेल्या माणसास, त्याचे नाव न विचारता, त्याच्यासारखे दुसरे कोणी आहे हे त्याने दाखवावे.

हे दाखवण्याची कला आपल्यास परकी नाही, आणि गंमत अशी की तिचा एक उत्कृष्ट नमुना, ज्या उपनगरात कलादालन नाही म्हणून मी वर तक्रार केली, त्याच उपनगरात आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांत क्रमांक ९० हे एक मध्यम आकाराचे लेणे आहे. त्याच्या भिंतीवर साधारण सहाव्या शतकातील एक शिल्पपट कोरलेला आहे: मधोमध करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर शांत उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांस लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे आहेत. एकावर हत्ती चालून येत आहे, एकासमोर सिंह आहे, एकास सर्पाचे भय, एकास अग्नीचे, एक बंधनात पडला आहे, कोठे जहाज बुडू पाहत आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून ये-जा करणारे व्यापारी या लेण्यांचे आश्रयदाते होते, तेव्हा ही भये कोण्या पंडिताने ग्रंथातून उचललेली असली तरी ती पाहणाऱ्यांच्या रोजच्या आयुष्यातली होती. जहाज बुडणे हा त्यांच्यासाठी अलंकार नव्हता. मला या शिल्पपटात करुणामूर्तीपेक्षाही त्या बाजूच्या चौकटी अधिक मोलाच्या वाटतात. शिल्पकाराने ‘भय’ नावाची एखादी अमूर्त आकृती काढली नाही, त्याने एकेक भय निराळे केले, त्यास रूप दिले, आणि प्रत्येक भयासमोर एकेकटा मनुष्य उभा करून त्या माणसाचे तोंड मध्यवर्ती आकृतीकडे वळवले. ज्यास सापाचे भय नाही पण बेड्यांचे आहे, त्यास आपली चौकट सापडते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या मनुष्याने मनःस्वास्थ्यावरील प्रदर्शनाचे जे तत्त्व ओळखले, ते आजच्या बऱ्याच आयोजकांना ओळखता आलेले नाही.

कारण आजच्या अशा प्रदर्शनांत काय आढळते? उगवता सूर्य, कमळ, डोळे मिटून बसलेली स्त्री, हृदयाच्या आकाराचा वृक्ष, निळ्या पार्श्वभूमीवर पिसासारखे काहीतरी तरंगणारे. आणि त्याखाली ‘श्वास घ्या’ अशा अर्थाचा उपदेश, जणू मुलुंडचा माणूस श्वास घेण्याचे विसरला होता. यास हल्ली वेलनेस म्हणतात. ही चित्रे वाईट आहेत म्हणून नव्हे, तर ती खोटी आहेत म्हणून निरुपयोगी आहेत; दुःखी माणसास सुखाचे चित्र दाखवले असता त्याचे दुःख कमी होत नाही, त्यास फक्त आपण या चित्रात नाही एवढे कळते. अंधेरीच्या माणसाची भये निराळी आहेत: घराचा हप्ता, पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीचे न येणारे भाडे, स्मृती गेलेली आई आणि तिला सांभाळणारी, कोणाच्याही गणतीत नसलेली सून, परीक्षेचा निकाल, कंपनीकडून आलेला, ‘आपली सेवा आजपासून’ या शब्दांनी सुरू होणारा ई-मेल. या भयांना चौकटी कोणी द्यावयाच्या? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी चित्रपटाच्या माध्यमात ते काम केले: ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य, आणि ‘कासव’ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, हे राष्ट्रीय पातळीवरही त्या कामाचे मोल ओळखले गेल्याचे चिन्ह. चित्रकलेत मराठी माणसाकडून इतके सातत्याने हे काम झालेले मला दिसत नाही.

आरोग्य हा विषय मुंबईच्या प्रदर्शनांना अगदीच नवा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या पुढाकाराने २०१६च्या आरंभी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ‘तबियत’ हे प्रदर्शन भरले होते. रतन वासवानी यांनी त्याची मांडणी घर, देवस्थान, रस्ता आणि दवाखाना अशा चार जागांभोवती केली होती, आणि आपल्याकडचा आजारी मनुष्य या चारही ठिकाणी एकाच आठवड्यात जाऊन येतो हे ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या मांडणीची मार्मिकता कळेल. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, ‘स्नेहा’ या संस्थेने धारावीत ‘गल्ली बिएनाले’ भरवली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. तेथे चित्रे बाहेरून आणली गेली नव्हती. वस्तीतल्याच बायकामुलांनी कलावंतांच्या सोबतीने कार्यशाळांत बसून ती केली होती, आणि घरातल्या हिंसेसारखा, उघड बोलताच न येणारा विषय सुई-दोऱ्याने कापडावर मांडला होता. ज्याचे दुःख, त्याच्याच हातचे चित्र, आणि ते कोठे टांगावे याविषयी त्याचेच मत.

हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही, हे एका जुन्या दप्तरावरून ध्यानात येईल. १८९६-९७च्या प्लेगच्या वेळी मुंबईत सरकारने जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली व तिच्या कामगिरीची छायाचित्रे काढून ठेवली. कॅप्टन मॉस यांच्या नावावर असलेला तो संग्रह आज वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर कोणासही, विनामूल्य, मुलुंडच्या फलाटावर उभ्याउभ्या पाहता येतो. बंबाने धुतली जाणारी घरे, विलगीकरणाच्या छावण्या, रेल्वे-प्रवाशांची तपासणी, आणि तात्पुरत्या इस्पितळांत खाटांवर पडलेले रुग्ण. मुंबईच्या आरोग्याचे हे, म्हटले तर, सर्वांत जुने ऑनलाइन प्रदर्शन आहे. आणि त्यातील कोणाही रुग्णास त्याची परवानगी विचारलेली असण्याचा संभव फार थोडा. त्या चेहऱ्यांवर जी भीती आहे ती प्लेगची किती आणि समोर यंत्र रोखून उभ्या असलेल्या साहेबाची किती, हे आज सांगता येत नाही. समितीने आपला कारभार दाखवण्यासाठी हे केले. रुग्ण त्यात पुराव्यादाखल आले. त्याच साथीच्या दिवसांत वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाक्यानाक्यांवर दगडी क्रूस उभे राहिले, व त्यांपैकी कित्येक अजून शाबूत आहेत. तेही त्याच साथीचे चित्रण आहे, पण ते भ्यालेल्यांनी स्वतः घडवलेले. या दोन प्रकारच्या स्मरणांतला भेद ज्या आयोजकाच्या ध्यानात येत नाही, त्याने मानसिक रुग्णांच्या कलेला हात लावू नये.

याविषयी युरोपात फार महाग धडा घेतला गेला आहे. जर्मनीत हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयातील डॉक्टर हान्स प्रिन्झहॉर्न यांनी निरनिराळ्या रुग्णालयांतून रुग्णांची हजारो चित्रे जमवली आणि १९२२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यातील प्रमुख चित्रकारांची नावे त्यांनी झाकून टोपणनावे दिली. हेतू शुद्ध होता, आणि पॅरिसचे चित्रकार तो ग्रंथ आदराने पाहत. पंधरा वर्षांनंतर नाझी सरकारने ‘अधःपतित कला’ या नावाचे फिरते प्रदर्शन म्युनिकमध्ये सुरू केले, व त्याच्या पुढील मुक्कामांत याच संग्रहातील चित्रे आधुनिक चित्रकारांच्या शेजारी टांगली, ती दोघांचीही टवाळी व्हावी म्हणून. प्रिन्झहॉर्ननी ज्यास फ्रान्झ पोल म्हटले होते, त्या चित्रकाराचे खरे नाव फ्रान्झ कार्ल ब्यूलर. मनोरुग्णांच्या सरकारी हत्यासत्रात तो १९४० साली मारला गेला. चित्रे तीच होती. ती कोणी, कोणास, कशासाठी दाखवली एवढाच फरक पडला होता. पडद्यावरचे चित्र तर एका बोटाच्या टिचकीने मूळ संदर्भातून उचलून कोठेही नेता येते, आणि आपल्याकडे कोणाची टवाळी व्हावयास सरकारच लागते असे नाही, सोसायटीचा व्हॉट्सॲप गट पुरतो.

आपला कायदा या बाबतीत आयोजकांपेक्षा जागरूक आहे, हे सांगण्यास आनंद वाटतो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २४व्या कलमान्वये, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र वा अन्य माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांकडे देता येत नाही, आणि ही गोपनीयता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेल्या माहितीसही लागू आहे. कलमाची बुद्धी योग्य आहे; अंमलबजावणीचा प्रश्न नेहमीप्रमाणे निराळा.

आता ऑनलाइन चित्रावरील नेहमीचा आक्षेप: मूळ चित्र ते मूळ, पडद्यावरचे म्हणजे त्याची छाया. आक्षेप खरा आहे. सुधीर पटवर्धन यांचेच उदाहरण घ्यावे. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ठाण्यात २००५ पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत असतानाच ज्यांनी लोकलमधला प्रवासी, उपनगरातली अर्धवट इमारत आणि रस्त्यावरचे थकलेले शरीर यांना मराठी चित्रकलेत स्थान दिले, त्यांचे भव्य फलक तळहाताएवढ्या पडद्यावर पाहणे म्हणजे त्यांच्याशी अन्यायच होय. त्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर शरीरास जे वजन जाणवते, ते पडद्यावर उतरत नाही. २०१९च्या अखेरीस राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले, आणि त्यातील चित्रांमध्ये असलेल्या माणसांपैकी कितीजण ते पाहण्यास दक्षिणेस गेले असतील, हा प्रश्न मला त्या वेळीही पडला होता. पटवर्धन यांना तो कधीच पडलेला असावा. कारण २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेण्याचा खटाटोप त्यांनीच केला होता.

पण छायेचाही उपयोग असतो. ‘आर्ट थेरपी’ हे नाव ज्यांनी १९४२ साली रूढ केले, ते ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयरोगी म्हणून सॅनेटोरियममध्ये पडून होते, आणि तेथे खाटेवर चित्रे काढता काढता त्यांना जे उमगले ते त्यांनी शेजारच्या रुग्णांना शिकवले. त्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश रेड क्रॉसने चित्रांच्या छापील प्रतिकृती रुग्णालयांना उसन्या देण्याची योजना चालवली. त्यांतले एकही चित्र मूळ नव्हते. खाटेवरून न हलू शकणाऱ्या माणसास मूळ चित्राची महती सांगण्याचा उद्धटपणा त्या योजनेने केला नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने कला आणि आरोग्य या विषयावरील नऊशेहून अधिक प्रकाशनांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि कलेचा उपयोग प्रतिबंधापासून दीर्घ आजाराच्या व्यवस्थापनापर्यंत होतो असा निष्कर्ष काढला. त्यात पाहणाऱ्याचा अनुभवही जमेस धरलेला आहे, करणाऱ्याचाच नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यापुढे मला थोडे नमावे लागते. एकांत आणि एकाकीपणा यांच्या मधली भिंत पातळ असते. रात्री पांघरुणाखाली चित्र पाहणारी स्त्री उद्याही एकटीच राहिली, तर प्रदर्शनाने काय साधले? ब्राझीलमध्ये रिओ शहराच्या उपनगरात, एन्जेन्यो दे देन्त्रो येथील मनोरुग्णालयात, डॉक्टर नीसे दा सिल्व्हेरा यांनी विजेचे झटके देण्यास नकार दिला आणि १९४६ साली रुग्णांसाठी चित्रशाळा उघडली. तेथे रुग्ण एका छताखाली, एकमेकांच्या देखत, रंगवीत बसत. त्या चित्रांचे संग्रहालय १९५२ साली त्याच उपनगरात उभे राहिले. ज्या वर्षी काळा घोड्यास जहांगीर उघडले, त्याच वर्षी रिओच्या एका उपनगरास रुग्णांच्या हातच्या चित्रांचे संग्रहालय मिळाले होते. आपल्या मुलुंडच्या वेशीपलीकडे ठाण्याचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभापासून उभे आहे, आणि तेथवर जाणारा रस्ता मुंबईकराच्या बोलण्यात अजून चेष्टेचाच विषय आहे.

म्हणून माझी तजवीज अशी की, पडद्याने दार उघडावे आणि दाराच्या पलीकडे खोली असावी. खोल्या आहेत. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आणि मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ कित्येक वर्षांपासून वाचनालये आणि सभागृहे चालवीत आहेत. राजावाडी, कूपर आणि भगवती या महापालिका रुग्णालयांत केसपेपरच्या रांगेत रोज सकाळी जी माणसे तिष्ठत उभी असतात, त्यांच्यासमोरच्या भिंतीवर सध्या थुंकू नका याखेरीज फारसे काही लिहिलेले नसते. महापालिकेने एन आणि टी वॉर्डांतून, म्हणजे घाटकोपर-मुलुंडपासून, आरंभ करावा: रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात तेच प्रदर्शन मोठ्या पडद्यावर, निःशब्द, आणि वाचनालयात महिन्यातून एकदा रंग, कागद व एक जाणता समुपदेशक. प्रत्येक चित्राखाली केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक असावा, आणि चित्राविषयीच्या चार ओळी मराठीत लिहिलेल्या असाव्यात. इंग्रजीतून उतरवलेल्या नव्हेत, मराठीतच सुचलेल्या. पुण्याच्या मुक्तांगणात, जे १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या साहाय्याने सुरू केले, व्यसनमुक्तीच्या उपचारांत गाणे आणि कला यांना जागा आहे. अनिल अवचट स्वतः कागदाच्या घड्या, लाकूड आणि बासरी यांत रमणारे होते. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पु. लं.चे पाठबळ ज्या कामास लाभले, ते उपनगरास अशक्य का असावे?

आणि एकांताचे रक्षण करावयाचे, तर काही गोष्टी प्रदर्शनातून कटाक्षाने वगळाव्या लागतील. चित्राखाली पसंतीचा आकडा नको; बार्सिलोनाच्या त्या संग्रहालयाचा हेतू कितीही उदात्त असला, तरी ते ज्या माध्यमावर आहे ते शोकालाही गुण देते, आणि कमी गुण मिळालेला शोक आणखी लाजतो. अभिप्रायाची चौकट नको. आमचे लोक तेथे सुविचार लिहितात. नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल यांपैकी काहीही पाहणाऱ्याकडून मागू नये, आणि पाहणाऱ्याच्या मागावर राहणारे जाहिरातदारांचे हेर त्या पानावर बसवू नयेत. कारण खिन्नतेचे चित्र पाहिलेल्या माणसाच्या मोबाइलवर दुसऱ्या सकाळी झोपेच्या गोळ्यांच्या आणि समुपदेशनाच्या ॲपच्या जाहिराती सुरू झाल्या, की त्याच्या नवऱ्याला, बायकोला किंवा डब्यातल्या शेजाऱ्याला सर्व काही समजते. किती लोकांनी प्रदर्शन पाहिले हे पुरस्कर्त्याला सांगता येणार नाही, अशी तक्रार आयोजक करतील. पुरस्कर्त्याने ती गैरसोय सोसावी. इस्पितळास देणगी देणारा मनुष्य रुग्णांची यादी मागत नाही.

करणाऱ्याच्या बाजूने एकच अट, पण ती करारपत्रात स्पष्ट शब्दांत असावी: ज्याचे चित्र आहे त्यास ते केव्हाही परत घेता यावे. आज ज्या मुलाने आपल्या नैराश्याचे चित्र धैर्याने नावानिशी लावले, त्यास चार वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीस जावयाचे असेल, लग्न ठरवावयाचे असेल, किंवा नुसतेच त्या दिवसांपासून लांब जावयाचे असेल. त्याने विनंती केली की ते चित्र त्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरले पाहिजे, आणि त्याचे कारण विचारण्याचा अधिकार आयोजकास नसावा.